सुरी लपवायची की शिकवायची?

ठाणे जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाहीये, मजकूरही थोडा आटोपशीर केलाय.

घरात नवरा, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि साडेपाच वर्षांची मुलगी. मुलीला स्वयंपाकघराचं भारी वेड, कुणी भाजी चिरायला घेतली की "मला दे ना, मी करते" सुरू. म्हणून खेळण्यातल्या प्लास्टिकच्या भाज्या आणि सुरीचा सेट आणून दिला, तर तो "हे खोटंय" म्हणून कोपऱ्यात गेला. मागच्या महिन्यात आई आंघोळीला गेलेली असताना पोरीने चवड्यांवर उभं राहून ओट्यावरच्या स्टँडमधली मोठी सुरी काढली, सफरचंद कापायला गेली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला कापलं. टाके पडले नाहीत पण रक्त बघून सगळं घर हादरलं. तेव्हापासून सासूबाईंनी सुऱ्या आणि विळी सगळं वरच्या कपाटात टाकलंय, आणि नवरा म्हणतो दहा वर्षांची होईपर्यंत सुरीला हात लावायचा नाही. आईला मात्र वाटतंय की शिकवून टाकावं. पण नेमकं कुठल्या वयात? आणि मुलाला तर आजवर कधी काही शिकवलं नाही, मग मुलीलाच आत्तापासून भाजी चिरायला बसवणं म्हणजे आपल्या आईने आपल्याला जे केलं तेच आपण करतोय का? शेवटी विचारलंय, सासूबाईंशी वाद न होता हे कसं जमवू?

तुमचं पत्र वाचलं आणि आधी त्या दिवशी काय झालं तेच डोळ्यासमोर आणून बघितलं. कारण घरात सगळ्यांनी त्यातून एकच अर्थ काढलाय की पोर लहान आहे म्हणून लागलं. मला तसं वाटत नाही.

आपला ओटा साधारण ३२-३४ इंच उंच असतो, साडेपाच वर्षांची मुलगी असते साडेतीन फुटांच्या आसपास. म्हणजे ओटा तिच्या छातीपर्यंत आला, कोपर खाली आणि हात वर. अशा अवस्थेत तुम्हाला मला कुणालाच सुरीवर ताबा ठेवता येणार नाही, खांद्यातून नुसता जोर लागतो आणि तो जातो कुठे ते कळत नाही. त्यात हातात मोठ्यांच्या मापाची सुरी, समोर सफरचंद, जे गोल आहे, कडक आहे, वरून गुळगुळीत आहे आणि कापताना हमखास गडगडतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हे सगळं गुपचूप, आई यायच्या आत उरकायचं. उंची चुकली, सुरी चुकली, फळ चुकलं, वेळ चुकली. यातली एकही गोष्ट तिच्या वयाची नाहीये, सगळ्या आपण मोठ्यांनी बदलायच्या आहेत. म्हणून सुरी वरच्या कपाटात ठेवून प्रश्न सुटत नाही, जी पोरगी चवड्यांवर उभी राहिली ती उद्या खुर्ची ओढेल, आणि मग लागण्याबरोबर पडण्याची भीती वेगळी. मोठ्या सुऱ्या सध्या तिच्या हाताबाहेर ठेवा हे बरोबरच आहे, फक्त तेवढंच करून थांबू नका.

आता वयाचं. "कुठल्या वयात" हा प्रश्न मला बहुतेक आईवडील विचारतात आणि मी आकडा द्यायला नेहमी काचकूच करते, कारण बालवाडीत इतकी वर्षं मुलांचे हात बघितलेत की एकाच महिन्यात जन्मलेली दोन मुलं याबाबतीत किती वेगळी असतात ते माहितीये. वयापेक्षा तीन गोष्टी बघा. शर्टाचं बटण स्वतःचं स्वतः लावता येतं का, म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळं काम करतात का. छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना ते भरत आलं की हात आपोआप सावकाश होतो का. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, तुम्ही "थांब" म्हटल्यावर ती थांबते का, म्हणजे पळत असताना, हसत असताना, अगदी रंगात आलेली असतानासुद्धा. पहिल्या दोन गोष्टी सरावाने येतात. तिसरी नसेल तर सुरीचं नाव महिना-दोन महिने काढूच नका, आधी "थांब"चा खेळ खेळा. तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुमची मुलगी तयार असेल, पण ते तुम्हीच बघून ठरवायचंय.

"बोट तुटेल हां" अशी धमकी देऊन काही उपयोग होत नाही, मूल एकतर घाबरतं नाहीतर विश्वासच ठेवत नाही. त्यापेक्षा दाखवा. सुरी आडवी धरून ही धार, ही मागची बाजू असं दाखवा, मग एक भेंडी घेऊन तिच्यावर आधी मागची बाजू दाबा, काही होत नाही, मग धारेची बाजू नुसती टेकवून जरा ओढा, भेंडीचे दोन तुकडे. मुलं हे बघताना एकदम गप्प होतात. आपलं बोट भेंडीपेक्षा काही फार कडक नाही हे त्यांना न सांगता कळतं.

खेळण्यातला सेट तिने टाकून दिला यात मला काही नवल वाटलं नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालघर काढलं, तिथून पुढे त्यांच्या पद्धतीत मुलांना खऱ्या काचेच्या आणि चिनी मातीच्या वस्तू हाताळायला देतात त्या याच कारणासाठी, जी वस्तू फुटू शकते तीच जपून धरायला मूल शिकतं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर वाढवलं, तेव्हा महागडी साधनं आणायचा प्रश्नच नव्हता, परिसरात जे मिळतं त्यातूनच शिकवायचं होतं. खोट्या भाजीला खोटी सुरी लावून हाताला काहीच कळत नाही, ना कडकपणा ना ओलेपणा ना धार.

मग पहिली सुरी कुठली? केकच्या बॉक्सबरोबर बेकरीवाले ती दातेरी प्लास्टिकची सुरी देतात ना, आपण बहुतेक वेळा फेकून देतो, ती धुऊन ठेवा. पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा, पनीर एवढं तिने व्यवस्थित कापलं जातं आणि चुकून बोटाला लागली तरी फार तर ओरखडा येईल. ती नीट हाताळायला लागली की मग छोटी खरी सुरी, पातं तीन-साडेतीन इंचाचं, मूठ तिच्या मुठीत मावेल अशी आणि टोक अणकुचीदार नको. आणि इथे बऱ्याच घरांत उलटं होतं, मुलांसाठी म्हणून घरातली सगळ्यात बोथट सुरी शोधून देतात. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती सटकते, आणि सटकलेली सुरी कुठे जाईल याचा भरवसा नाही. टोमॅटोच्या सालीवर बोथट सुरी चालवून बघा, लगेच कळेल. केळं-बटाट्यापुरती प्लास्टिकची ठीक, पण खरी सुरी द्यायची तेव्हा ती धार असलेलीच द्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला दिसली, तुमच्या लक्षात आली असेल की नाही माहीत नाही. लागलं उजव्या हाताच्या बोटाला, म्हणजे सुरी डाव्या हातात होती. ती डावखुरी असेल तर प्लीज, जेवताना, लिहिताना कोणी काहीही म्हणत असो, सुरी तरी तिला तिच्या जोरकस हातातच धरू द्या. हात बदलायला लावणं इथे सरळ धोक्याचं आहे. दातेरी स्टीलच्या बऱ्याच सुऱ्यांना एकाच बाजूने धार काढलेली असते, उजव्या हाताला सोयीची, डाव्या हातात ती कापताना एका बाजूला ओढते. तिच्यासाठी घेताना पातं दोन्ही बाजूंनी सारखं आहे ना ते दुकानातच बघून घ्या. आणि शिकवताना तिच्या शेजारी न बसता समोर बसा, म्हणजे तुमचा उजवा हात तिला आरशातल्यासारखा दिसेल आणि तिचं तिला जमेल.

सुरीच्या आधी नुसत्या हातांची कामं भरपूर द्या. मटार सोलणं, मेथी निवडणं, गवारीचे शेंडे काढून मोडणं, कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करणं, यातून बोटांना जी ताकद येते तीच पुढे कामाला येते. मग केळं. तुम्ही साल अर्धी काढून द्या, बाकीची तिला काढू दे, केळं उभं चिरून सपाट बाजू खाली ठेवून द्या म्हणजे हलणार नाही, आणि चकत्या कापून झाल्या की दूध-साखर घालून शिकरण. पहिल्याच दिवशी तिने केलेला खरा पदार्थ सगळ्यांच्या वाटीत आला, आणखी काय पाहिजे. त्यानंतर काकडी, तीही आधी तुम्ही उभी चिरून सपाट करून दिलेली, म्हणजे कोशिंबीर तिच्याकडे. पुढे टोमॅटो, मग बऱ्याच नंतर गाजर. कांदा लवकर नको, डोळ्यात पाणी आलं की मूल डोळे मिटतं आणि हात चालूच राहतो. मिरची तर नकोच, तो हात डोळ्याला लागला की रडारड. सुरण, लाल भोपळा हे मोठ्यांनाच जड जातं, ते तुम्हीच करा.

आणि सोलाणं आणि किसणी "यात काय एवढं" म्हणून सुरीच्या आधी दिली जाते, ती मला जास्त भीतीदायक वाटते. किसणीवर गाजराचा शेवटचा तुकडा उरला की बोटाची सालं निघतात, आणि सोलाणं मुलं हमखास स्वतःच्या दिशेने ओढतात. दोन्ही द्या, पण शेजारी बसून आणि सुरी जरा हातात बसल्यावर.

बसायची जागा अशी हवी की कापताना तिचं कोपर फळीच्या वर असेल. तिच्या मापाचं बुटकं टेबल-खुर्ची असेल तर उत्तम, नसेल तर चौरंगावर चॉपिंग बोर्ड ठेवून ती जमिनीवर मांडी घालून बसली तरी चालेल, फक्त सुरी खाली ठेवताना बोर्डच्या पलीकडच्या कडेला, मांडीपासून लांब. बोर्डाखाली ओला नॅपकिन पसरा म्हणजे सरकत नाही, ही एवढीशी गोष्ट कुणी करत नाही आणि फरक मात्र खूप पडतो.

पकड शिकवायला दोन गोष्टी पुरतात. एक बोगदा, म्हणजे दुसऱ्या हाताचा अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, मधे काकडी, आणि सुरी बोगद्याखालून जाते, वरून कधीच नाही. लांबड्या, मोठ्या तुकड्याला हे चांगलं. दुसरा मांजराचा पंजा, नखं आत वळलेली, अंगठा मागे लपलेला, बोटांची पेरं पुढे, सुरी पेरांना घासून गेली तरी नखांपर्यंत पोचत नाही. बोगदा लवकर जमतो, पंज्याला वेळ लागतो, घाई करू नका. सुरी वरून दाबायची नाही, पुढे-मागे ओढायची. तुकडा इतका छोटा उरला की धरता येत नाही, तर तो सरळ तोंडात टाकायचा, हा नियम मुलांना फार आवडतो आणि शेवटच्या तुकड्याला होणारे अपघात टळतात.

बाकी नियम घरातल्या सगळ्यांना सारखे, तिच्या एकटीसाठी नाहीत. सुरी हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. सुरी पडली तर पकडायला जायचं नाही, हात वर घेऊन मागे सरकायचं. हातात सुरी असताना उठायचं नाही, बोलायला वळायचंही नाही, आधी सुरी खाली. आणि खरकट्या भांड्यांच्या ढिगाखाली सिंकमध्ये सुरी टाकून ठेवायची नाही, हे आपण मोठी माणसंच सगळ्यात जास्त करतो आणि भांड्यांना येणाऱ्या मावशींचे हात कापतात. तिची सुरी तिची असू दे, पण ती बाहेर निघणार मोठं माणूस शेजारी बसलेलं असेल तेव्हाच. शेजारी बसलेलं, ओट्याशी फोडणी देत "हं हं बघतेय" म्हणणारं नव्हे.

म्हणून सकाळच्या डब्याच्या वेळी हे करूच नका. कुकरची शिट्टी, शाळेची व्हॅन, पोळ्या, त्यात शिकवणं होत नाही, नुसती चिडचिड होते आणि मग "जाऊ दे, मीच करते" म्हणून आपण सुरी काढून घेतो, म्हणजे पोरीच्या मनात काय बसलं की हे आपल्याला जमत नाही. रविवारी दुपारी किंवा एखाद्या संध्याकाळी, टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, दहा मिनिटं पुरे. तिचं लक्ष उडालं, चाळा सुरू झाला, की काम अर्धं राहिलं तरी हसत थांबवा.

आता तुमच्या मनातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, तो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटला. मुलीला शिकवणं चूक नाहीये, एकट्या मुलीलाच शिकवणं चूक होईल. तुमच्या आईने तुम्हाला बसवलं तेव्हा बहुधा तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि घरातल्या मुलग्यांना कुणी उठवलंही नव्हतं. इथे मुलगी स्वतः मागतेय, हा फरक आहेच, पण नऊ वर्षांचा मुलगा बाजूला सोफ्यावर बसून राहिला तर दोन-तीन वर्षांत तो फरक पुसला जाईल आणि "अगं, काप ना जरा सॅलड" एवढंच उरेल. मुलाने मागितलं नाही म्हणता, तर मागायचं असतं हेच त्याला कुणी दाखवलेलं नाही. त्यालाही बसवा, आणि मोठा आहे म्हणून एकदम टोमॅटोवर नका नेऊ, त्याचीही सुरुवात केळ्यापासूनच, कारण हात त्याचेही कोरेच आहेत. फक्त दोघांना एका वेळी एका बोर्डवर नको, स्पर्धा लागते आणि वेग वाढतो. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली, तिच्यात हाताचं काम हाच शिक्षणाचा पाया होता आणि तो मुलगे-मुली दोघांसाठी होता. आपण त्याच महाराष्ट्रातले, आणि अजून घरात मुलग्याच्या हातात सुरी दिसली की कौतुक आणि मुलीच्या हातात दिसली की "छान, वळण लागलं" म्हणतो. तुमच्या घरी दोघांनाही एकच शब्द वापरा, मग तो कुठलाही असो.

आणि मुलाला शिकवायचं काम नवऱ्याकडे द्या. ते म्हणतात दहा वर्षांपर्यंत नको, तर त्यांना शांतपणे एवढंच विचारा की दहाव्या वर्षी तिच्या हातात सुरी येईल तेव्हा तिला सवय कुठून आलेली असेल? हात मोठे झालेले, जोर वाढलेला, शेजारी कुणी बसलेलं तिला आवडणार नाही असं वय, आणि सुरी पहिल्यांदाच. साडेपाच वर्षांचं मूल आपण सांगू तसं हात धरू देतं, दहाचं देत नाही. त्यांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका, त्यांनी पोरीचं रक्त बघितलंय. गॅसपाशी जाणं, गरम तेल, मिक्सर याबाबत त्यांचं "नको" तसंच राहू द्या, तिथे ते अगदी बरोबर आहेत.

सासूबाईंचं सांगते. त्यांना पटवायला जाऊ नका, त्यांना काम द्या. विळी वरच्या कपाटात गेली म्हणजे त्यांचं स्वतःचं रोजचं हत्यार गेलंय, त्यांनाही अडत असणार. आज साठी-सत्तरीतल्या कितीतरी बायका आठव्या-नवव्या वर्षी विळीवर बसलेल्या आहेत, एकदा दुपारी मुलांसमोरच विचारा, "आई, तुम्हाला विळी कुणी शिकवली, पहिल्यांदा काय चिरलं?" त्यातून जे निघेल ते तुमच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि कदाचित नकोशी आठवणही निघेल, तीही ऐकून घ्या. मग निवडणं-मोडणं हा पहिला सगळा भाग त्यांच्याकडे सोपवा, मेथीची जुडी घेऊन त्या आणि दोन्ही नातवंडं. "थांब" म्हणायचा अधिकार त्यांनाही तुमच्याइतकाच, आणि त्यांनी "पुरे आता" म्हटलं की त्या दिवशी पुरे, तुम्ही मधे पडायचं नाही. एवढा मान मिळाला की बरेचसे वाद होतच नाहीत असा माझा अनुभव आहे.

विळी मुलांना मात्र आत्ता नको. सुरीत भाजी स्थिर आणि पातं हलतं, विळीत पातं स्थिर आणि दोन्ही हात पात्याच्या दिशेने जातात, शिवाय पाटावर पाय ठेवून तोल सांभाळायचा, ते आणखी चार-पाच वर्षांनी, आणि तेव्हा आजीच शिकवतील. तोपर्यंत काम झालं की विळी मिटून, नाहीतर आडवी करून ठेवायची हा त्यांचाच जुना नियम घरभर पाळा.

आणि हे सगळं करूनही कधीतरी कापणार आहे, थोडंसं. तेव्हा तुमचा चेहरा महत्त्वाचा, किंकाळी नको. जखम वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा आणि दहा मिनिटं मधे मधे उघडून बघू नका, बघितलं की पुन्हा रक्त सुरू होतं. हळद नाही, कॉफी पावडर नाही, त्याने जखमेत घाण जाते आणि ती किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही, जखमेचं तोंड उघडं राहिलं, बोट वाकवता येईना किंवा टोकाला बधिर वाटलं तर सरळ दवाखाना. आणि तुमची मुलगी साडेपाच वर्षांची आहे, डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या मधे असतो, त्यात धनुर्वाताची लसही येते. तिचं लसीकरणाचं कार्ड आज संध्याकाळीच काढून बघा. राहिला असेल तर केळं, बोर्ड, सुरी सगळं त्यानंतर.